कानाचं मशीन आणि बाईंचा धीर

प्रोजेक्टचे विषय ठरवायचे दिवस आले की आपल्या हॉस्टेलवर समाजसेवेची एक लाट येते. दर वर्षी निदान एक तरी ग्रुप 'मूकबधिरांसाठी हातमोजे' हा विषय घेतोच. बोटांवर सेन्सर, मनगटावर सर्किट, मोबाइलमधून आवाज... व्हायवाला परीक्षक खूश, मार्क चांगले, फोटो नोटीस बोर्डावर. पुढे ते हातमोजे कपाटात जातात आणि ग्रुप कॅम्पस इंटरव्ह्यूला. ज्यांच्यासाठी ते केले त्यातल्या एकाही मुलाला आपण भेटलेलो नसतो.

हे टोमणे मारायला लिहीत नाही. हातमोजे बनवणाऱ्यांची मेहनत खरीच असते. पण जे मूल ऐकू शकत नाही त्याला शिकवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, त्यात यंत्राचं काम किती आणि माणसाचं किती, हे आपल्याला कोणी सांगत नाही. मला ते थोडंफार घरातूनच कळलं, बाकीचं वाचून आणि विचारून. तेच इथे मांडतो.

सुरुवात माझगावातून

या विषयाचा इतिहास शोधायला लंडन-अमेरिकेला जायला नको. माझगावात नेसबिट रोडवर 'बॉम्बे इन्स्टिट्यूशन फॉर डेफ अँड म्यूट्स' आहे. १८८५ साली स्थापन झालेली ही शाळा भारतातली कर्णबधिर मुलांची पहिली शाळा मानली जाते. मुंबईचे त्या वेळचे कॅथलिक बिशप लिओ म्यूरिन यांनी ती काढली. त्यानंतर १८९३ मध्ये कलकत्त्याला आणि १८९६ मध्ये तमिळ मुलखात पालयमकोट्टईला अशा शाळा निघाल्या. म्हणजे गोदी, गलबतं आणि गोदामांसाठी ओळखलं जाणारं आपलं माझगाव या बाबतीत देशाच्या पुढे होतं.

आता १८८५ सालचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. वीज नाही, मायक्रोफोन नाही, मशीन नाही. शिक्षकाच्या हाताशी साधनं काय, तर आरसा, पाटी, मेणबत्ती, कागदाची पट्टी आणि स्वतःचा गळा. मुलाचा हात आपल्या गळ्यावर ठेवायचा, दुसरा त्याच्या स्वतःच्या गळ्यावर, आणि एकेक वर्ण काढून दाखवायचा. एकदा नाही, शंभरदा. जगभर बोलकी पद्धत याच साधनांवर चालायची. त्या काळी शिकवण्याच्या तंत्रात जवळजवळ सगळा भाग धीराचाच होता असं म्हटलं तरी चालेल.

आपल्या शाखेचा वाटा

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी कॉलर ताठ करावी अशी हकिकत आता सांगतो. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हा धंद्याने कर्णबधिर मुलांचा शिक्षक होता. त्याच्या आईला कमी ऐकू यायचं आणि बायकोला लहानपणच्या आजारानंतर ऐकूच येत नव्हतं. १८७६ चं टेलिफोनचं पेटंट या माणसाचं. टेलिफोनमधल्याच कार्बन मायक्रोफोनवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पहिली विजेवर चालणारी श्रवणयंत्रं निघाली. पुढे व्हॅक्यूम ट्यूबची आली. त्यांना दोन-दोन बॅटऱ्या लागायच्या, आणि यंत्र 'अंगावर वागवायचं' म्हणजे कमरेला वजन बांधून फिरायचं.

मग ट्रान्झिस्टर आला. डिसेंबर १९४७ मध्ये बेल लॅबमध्ये त्याचा शोध लागला. आपण सगळे ट्रान्झिस्टर म्हटलं की रेडिओ म्हणतो. पण बाजारात पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ आला १९५४ मध्ये. त्याच्या आधीच, १९५२ च्या अखेरीस, ट्रान्झिस्टर बसवलेलं श्रवणयंत्र विकायला आलं होतं. त्यात दोन छोट्या ट्यूब आणि एक ट्रान्झिस्टर होता. सामान्य माणसाने दुकानातून विकत घेतलेला पहिला ट्रान्झिस्टर कानाच्या मशीनमधला! बेल कंपनीने ग्रॅहॅम बेलच्या स्मरणार्थ श्रवणयंत्रासाठी ट्रान्झिस्टरच्या पेटंटची रॉयल्टी माफ केली होती. आणि पुढे आयसी बनवून २००० साली नोबेल मिळवणारा जॅक किल्बी पन्नासच्या दशकात श्रवणयंत्रांच्या ट्रान्झिस्टर सर्किटवर काम करत होता. सर्किट लहान करायची निकड या क्षेत्रात फार आधीपासून होती.

त्यानंतरचा प्रवास आपल्यातल्या अनेकांनी पाहिलेला आहे. खिशात डबी आणि कानापर्यंत वायर असलेलं पेन्सिल सेलचं मशीन. मग कानामागे बसणारं. १९९६ च्या सुमारास पूर्ण डिजिटल यंत्रं बाजारात आली आणि डीएसपी कानामागे जाऊन बसला.

झेरॉक्सची झेरॉक्स

चष्मा लावला की दिसतं, तसं मशीन लावलं की ऐकू येतं, असं आपण सहज धरून चालतो. तसं होत नाही, कारण चष्मा प्रतिमा नीट फोकस करून देतो, तर मशीन मूलतः अॅम्प्लिफायर आहे.

जन्मापासून ऐकू न येणाऱ्या बऱ्याच मुलांत दोष आतल्या कानात, म्हणजे शंखासारख्या कॉक्लियात असतो. तिथे एका कानात सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. आवाजातल्या वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या करायचं काम हा भाग करतो. म्हणजे निसर्गाने बसवलेली फिल्टर बँकच. या पेशी खराब झाल्या की आवाज बारीक होतोच, शिवाय फिल्टर पसरट होतात आणि शेजारशेजारच्या फ्रिक्वेन्सी एकमेकींत मिसळतात.

परीक्षेच्या आदल्या रात्री आपल्या हातात पडणाऱ्या नोट्स आठवा. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची परत झेरॉक्स. अक्षर फुटलेलं, इंडेक्स आणि पॉवर ओळखू येत नाहीत. आता ते पान एन्लार्ज करून मोठ्या कागदावर काढलं तर वाचता येईल का? अक्षर मोठं होईल, स्पष्ट होणार नाही. आतल्या कानाच्या बहिरेपणात आवाज वाढवला की नेमकं हेच होतं.

दुसरी अडचण डायनॅमिक रेंजची. चांगल्या कानाला ० डेसिबलच्या आसपास ऐकू येऊ लागतं आणि १०० च्या वर त्रास होतो. समजा एखाद्या मुलीला ७० डेसिबलच्या खालचं ऐकूच येत नाही. तरी त्रास होण्याची तिची मर्यादा मात्र जवळपास तिथेच राहते. म्हणजे अख्खं जग तिला ३०-४० डेसिबलच्या पट्टीत बसवून घ्यायचं. साधं अॅम्प्लिफिकेशन केलं तर कुजबुज ऐकू येईल, पण ताट पडलं की मूल दचकून मशीन काढून फेकेल. म्हणून चांगल्या यंत्रात बारीक आवाजाला गेन जास्त आणि मोठ्याला कमी दिला जातो. आपण एजीसी शिकतो त्याचंच हे पुढचं रूप, आणि तेही प्रत्येक फ्रिक्वेन्सी बँडसाठी वेगळं. हे सेटिंग प्रत्येक मुलाच्या ऑडिओग्रामप्रमाणे करावं लागतं. दुसऱ्याचं मशीन लावून चालत नाही, जसा दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा चालत नाही.

तीन मीटर आणि पंधरा सेंटीमीटर

आता वर्गात जाऊ. साधं बोलणं एक मीटरवर सुमारे ६० डेसिबल भरतं. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत ६ डेसिबल कमी होतात. तीन मीटरवर बसलेल्या मुलापर्यंत उरतात ५० च्या आसपास. वर पंखे, बाहेर रस्ता, शेजारचा वर्ग पाढे म्हणतोय. गोंगाट ५५-६० सहज असतो. म्हणजे बाईंचा आवाज गोंगाटाच्या खाली! ऐकू येणारी मुलं तरीही निभावून नेतात, कारण त्यांना भाषा आधीच येत असते. निसटलेले शब्द ती अंदाजाने भरतात. कर्णबधिर मुलाला मात्र बोलणं गोंगाटापेक्षा निदान १५ डेसिबल वर मिळावं असं तज्ज्ञ मानतात. आणि कानामागचं मशीन तर बाईंचा आवाज आणि गोंगाट दोन्ही वाढवून देतं. वर भिंतींचे प्रतिध्वनी आहेतच.

उपाय साधा आहे. मायक्रोफोन मुलाच्या कानामागून काढून बाईंच्या तोंडाजवळ न्यायचा. तीन मीटरऐवजी पंधरा सेंटीमीटर, म्हणजे अंतर वीस पटीने कमी. वीसचा लॉग १.३, गुणिले वीस, म्हणजे २६ डेसिबलचा फायदा. ५० चे झाले ७६. गोंगाट तोच, पण बोलणं आता त्याच्या खूप वर. कुठलीही महागडी डीएसपी एवढा फायदा एका फटक्यात देत नाही.

हे करायच्या तऱ्हा बदलत गेल्या. आधी सामूहिक यंत्र होतं: बाईंच्या हातात माइक, प्रत्येक बाकावर वायरने जोडलेला हेडफोन. मूल बाकाला बांधलेलं. मग वर्गाभोवती वायरचा फेरा टाकून चुंबकीय क्षेत्रातून आवाज पोचवायला लागले. मशीनमधली छोटी कॉइल तो पकडते, मूल वर्गात कुठेही बसू शकतं. पुढे एफएम आलं आणि मैदानावरही बाई सोबत आल्या. आता डिजिटल वायरलेस आहे. मूल बाकावरून सुटत गेलं, हीच या सगळ्या तंत्रज्ञानाची खरी प्रगती. सुटसुटीत, सोबत नेता येणारं यंत्र म्हणजे चैन नव्हे. मूल जिथे जातं तिथे भाषा पोचली पाहिजे, कारण भाषा बाकावर बसून कोणी शिकत नाही.

सकाळची सहा अक्षरं

इतकं झाल्यावरही ते सगळं बंद पडू शकतं. कानाच्या मशीनची दुखणी फार घरगुती असतात. सेल संपतो. मुंबईच्या दमट हवेत आणि घामात नळीत पाण्याचा थेंब अडकतो. खिशातल्या मशीनची वायर तुटते. कानात बसणारा साचा मुलाच्या माप घेतलेल्या कानाचा असतो, पण कान वाढतो, साचा वाढत नाही. मग फटीतून आवाज बाहेर पडून परत माइकमध्ये शिरतो आणि मशीन शिट्टी मारतं. पॉझिटिव्ह फीडबॅक, आपल्या गॅदरिंगच्या माइकसारखाच! घरचे कंटाळून आवाज कमी करतात. शिट्टी बंद होते आणि ऐकूही येईनासं होतं.

मूल लहान असेल तर त्याला सांगताही येत नाही की आज मशीन बंद आहे. म्हणून चांगल्या शाळेत दिवसाची सुरुवात तपासणीने होते. डॅनियल लिंग या तज्ज्ञाने त्यासाठी सहा ध्वनी निवडून ठेवले: म, ऊ, आ, ई, श, स. बाई तोंड झाकून किंवा मागे उभ्या राहून एकेक म्हणतात, मूल ऐकलं की हात वर करतं किंवा डब्यात मणी टाकतं. गंमत बघा, 'म' आणि 'ऊ' मध्ये ऊर्जा खालच्या फ्रिक्वेन्सीत, 'आ' मध्यभागी, 'श' त्याच्या वर आणि 'स' सगळ्यात वर, चार हजार हर्ट्झच्याही पुढे. सिग्नल जनरेटर नको, स्कोप नको. तोंडाने केलेली ही फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स टेस्टच. काल 'स' ऐकू येत होता, आज येत नाही, म्हणजे मशीन किंवा साचा बघा. दोन मिनिटांचं काम, पण रोज, प्रत्येक मुलासाठी, न चुकता. एक दिवस राहिलं तर त्या मुलाचा तो दिवस गेला.

पाय, बाय, माय

ओठ वाचून सगळं कळतं असाही एक गैरसमज आहे. आरशासमोर उभे राहा आणि आवाज न काढता म्हणा: पाय, बाय, माय. तिन्ही एकसारखे. आता 'काय' आणि 'गाय' म्हणा. घशात तयार होणारे वर्ण ओठांवर दिसतच नाहीत.

इथे शिक्षिकेच्या कामी येते ती आपली वर्णमाला. कखगघङ ते पफबभम हा पाच बाय पाचचा मॅट्रिक्स आहे. ओळ सांगते जीभ कुठे लागते, रकाना सांगतो श्वास आणि गळा काय करतात. 'प' आणि 'ब' मधला फरक गळ्यावर बोट ठेवून कळतो, कारण 'ब' ला कंप आहे. 'प' आणि 'फ' मधला फरक कागदाची पट्टी तोंडासमोर धरून दिसतो, ती 'फ' ला जोरात उडते. 'म' साठी बोट नाकावर. आपण बालवाडीत घोकलेला तक्ता इथे शिकवण्याचा आराखडा होतो. तरी तिढे राहतातच. 'चार' आणि 'चोर' मधला च लिहायला एक, बोलायला दोन!

त्याहून अवघड काम व्याकरणाचं. 'राजूने मारलं' आणि 'राजूला मारलं'. एका अक्षरात मारणारा आणि मार खाणारा बदलला. हे प्रत्यय आपण बोलताना जोर न देता, जवळपास गिळून म्हणतो. कर्णबधिर मुलापर्यंत 'राजू' आणि 'मारलं' पोचतं, मधलं अक्षर नाही. मग ते मूल लिहितं 'राजू मारलं' आणि आपण म्हणतो त्याला कळत नाही. कळतं, पण जे कधी पोचलंच नाही ते लिहिणार कुठून? म्हणून बाई तेच वाक्य करून दाखवतात, चित्र काढतात, चिठ्ठीवर लिहितात, मुलांनाच राजू बनवतात. एका 'ला' साठी आठवडा गेला तरी त्यांचा आवाज चढत नाही.

ऐकण्याचं वय

ही गोष्ट मला घरी कळली. माझगावात राहणाऱ्या माझ्या आत्याच्या धाकट्या मुलीला चौथ्या वर्षी मशीन लागलं. घरात पेढे वाटायचेच बाकी होते. पण दोन महिने झाले तरी ती हाक मारली की वळेना. आजी म्हणाली, मशीन फुकट गेलं. आत्याचाही धीर सुटत चालला होता. तेव्हा तिला शिकवणाऱ्या बाईंनी आत्याला बसवून विचारलं, "ताई, तुमचा मोठा मुलगा जन्मल्यापासून दोन महिन्यांत बोलला होता का?"

"नाही हो, बाई. दोन महिन्यांचं तान्हं कसं बोलेल?"

"मग हिचे कान आत्ताच दोन महिन्यांचे झालेत."

चालू वय चार वर्षं, ऐकण्याचं वय दोन महिने. ऐकू येणारं मूल सुमारे वर्षभर नुसतं ऐकतं, मग पहिला शब्द काढतं. मशीन लावलेल्या मुलालाही तो काळ द्यावाच लागतो. आत्याने मग बाईंनी सांगितलं तसं सुरू केलं. भाजी चिरताना समोर बसवायचं, तोंडावर उजेड पडेल असं. "हा बटाटा. बटाटा धुतला. बटाटा सोलला." नुसतं 'बटाटा' नाही, प्रत्येक वेळी पूर्ण वाक्य. तिने बोट दाखवलं की लगेच वस्तू द्यायची नाही, थोडं थांबायचं. हे थांबणं सगळ्यात कठीण, असं आत्या म्हणते. पहिला ऐकून म्हटलेला शब्द यायला आठ महिने लागले. तो 'आई' नव्हता, 'नको' होता!

यातली काळजीची बाजू अशी की ही वाट बघायला वेळ अमर्याद नसतो. भाषा शिकायची मेंदूची ताकद पहिल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त असते. म्हणून महिन्याच्या आत चाचणी, तीन महिन्यांत निदान आणि सहा महिन्यांत उपाय सुरू, हा नियम जगभर सांगितला जातो. तान्ह्या बाळाची चाचणी आता होऊ शकते. निरोगी कॉक्लिया स्वतः अगदी बारीक आवाज परत पाठवते, हे १९७८ मध्ये डेव्हिड केम्प यांनी दाखवलं. झोपलेल्या बाळाच्या कानात छोटा प्रोब ठेवून तो आवाज मोजता येतो. हातात मावणारं यंत्र पुरतं. आपल्याकडे २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाची तपासणी आहे. केंद्र सरकारच्या १९८१ पासूनच्या सहाय्यक साधनांच्या योजनेतून श्रवणयंत्रं मिळतात, आणि २०१४ पासून त्यात कॉक्लियर इम्प्लांटही धरलं आहे. वांद्र्याला १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. ओळखीत असं मूल असेल तर हे घरच्यांना सांगा. 'मोठं झालं की बोलेल' या वाक्यात दोन-तीन वर्षं निघून जातात.

इम्प्लांटबद्दलही तेच. बावीसच्या आसपास इलेक्ट्रोड हजारो पेशींचं काम करायला बघतात. कमाल आहे! पण ऑपरेशनने ऐकण्याचं वय शून्यावरून सुरू होतं, एवढंच. पुढची शिकवणी चुकत नाही.

हातांची भाषा

एक बाजू सांगितल्याशिवाय हा लेख अपुरा राहील. १८८० मध्ये मिलान शहरात कर्णबधिर मुलांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि शाळांतून खुणांची भाषा बाजूला सारून फक्त बोलायला शिकवावं असा ठराव झाला. ग्रॅहॅम बेलही त्याच मताचा होता. याचा परिणाम जगभर शंभर वर्षं राहिला. खुणा केल्या म्हणून अनेक मुलांनी शिक्षा भोगल्या, आणि बोलणंही आलं नाही अशी कित्येक मुलं कुठल्याच भाषेशिवाय वाढली. २०१० मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेत हे ठराव नाकारले गेले.

खुणांची भाषा म्हणजे हातवारे नव्हेत. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे. २०१५ मध्ये तिच्यासाठी दिल्लीत राष्ट्रीय संशोधन केंद्र झालं, आणि २०२१ पर्यंत तिच्या शब्दकोशात दहा हजार शब्द आले. चांगल्या शिक्षकांचं आज सांगणं असं की मुलाला भाषा मिळू दे, वेळेत मिळू दे. कानाने, हाताने किंवा दोन्हींनी. यंत्र चाललं तर उत्तम, पण ते चालेल या आशेवर मुलाला मुकं ठेवायचं नाही.

आता आपले हातमोजे

हातमोज्यांना अडचण इथेच येते. सांकेतिक भाषेत प्रश्न भुवयांनी विचारला जातो, अर्थ चेहऱ्याने बदलतो, माणसं आणि जागा हवेत ठरवून त्यांच्याकडे बोट दाखवलं जातं. बोटांवरच्या सेन्सरला यातलं काहीच दिसत नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत दोन विद्यार्थ्यांच्या अशाच हातमोज्यांना दहा हजार डॉलरचं बक्षीस मिळालं, आणि कर्णबधिर मंडळींनी हेच आक्षेप घेतले. शिवाय संवाद एकतर्फी. त्यांनी मोजे घालून आपल्याला समजवायचं, आपण काहीच शिकायचं नाही!

मग करायचं काय? माझ्या मते कामाचे विषय साधे आणि कमी चमकदार आहेत.

१. बाईंच्या गळ्यात घालायचा, दिवसभर चालणारा, दुरुस्त करता येणारा स्वस्त वायरलेस माइक.

२. सेल उतरला, वायर तुटली की बाहेरून दिसेल असा दिवा. मूल सांगू शकत नाही, दिवा सांगेल.

३. दमट हवेत मशीन रात्रभर कोरडं ठेवणारी डबी. आज घरोघरी सिलिका जेलवर भागवतात.

४. वर्गाचा गोंगाट आणि प्रतिध्वनी मोजून, जाड पडदे आणि सॉफ्टबोर्ड कुठे लावावेत ते सांगणं. सिव्हिलवाल्यांनाही इथे काम आहे.

आणि विषय ठरवायच्या आधी एक आठवडा अशा एखाद्या वर्गात परवानगी काढून मागच्या बाकावर बसा. बाई एका 'ला' साठी किती वेळ थांबतात ते घड्याळ लावून बघा. आपलं सर्किट मायक्रोसेकंदांत उत्तर देतं आणि आपल्याला त्याचा अभिमान असतो. त्या वर्गातलं उत्तर आठ महिन्यांनी येतं, आणि तेवढा वेळ बाईंचं लक्ष आणि मुलाचं मशीन दोन्ही चालू राहावं लागतं. मशीनचं तेवढं आपल्या हातात आहे.